इंजिनाचा पिवळा दिवा आणि मिसफायर : केव्हा थांबावे, काय तपासावे

झाशी : मोटारीच्या डॅशबोर्डवर इंजिनाच्या आकृतीचा पिवळा दिवा लागणे आणि त्याच सुमारास इंजिन थरथरू लागणे, ही वाहनचालकांना वारंवार भेडसावणारी अडचण आहे. हा दिवा स्थिर असेल तर गाडी सावकाश चालवून तपासणीसाठी नेता येते. तो लुकलुकत असेल तर मात्र इंजिनावरील भार तत्काळ कमी करून, सुरक्षित जागा मिळताच गाडी थांबवणे आवश्यक असते. दोन्ही इशाऱ्यांचे चित्र एकच असल्यामुळे हा फरक अनेकांच्या लक्षात येत नाही आणि काही शे रुपयांच्या प्लगमधील बिघाडाचे रूपांतर कित्येक हजारांच्या खर्चात होते.

बुंदेलखंडातील झाशी शहर या विषयाच्या दृष्टीने विशेष आहे. श्रीनगर ते कन्याकुमारी जाणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ४४ आणि पोरबंदर ते सिल्चर जाणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक २७ हे दोन्ही मार्ग झाशीत एकमेकांना मिळतात. नागपूरहून शिवनी, सागर आणि ललितपूरमार्गे उत्तरेकडे निघालेली महाराष्ट्रातील वाहने याच शहरातून पुढे जातात. मे आणि जून महिन्यांत येथील तापमान ४५ अंश सेल्सिअसच्या वर जाते. महामार्गावरील सलग वेगवान प्रवास आणि त्यानंतर जुन्या शहरातील संथ वाहतूक, अशा दोन टोकांच्या परिस्थितीत इंजिनातील लहानसा दोषही लपून राहत नाही.

खंडेराव गेट हे या जुन्या शहराच्या तटबंदीतील दरवाजांपैकी एक असून त्याच नावाने तेथील परिसर ओळखला जातो. झाशीच्या मराठा सुभ्यावर १७४२ मध्ये नारो शंकर यांची नेमणूक झाली आणि त्यांच्या काळात किल्ल्याचा व वस्तीचा विस्तार झाला. घोडे, बैलगाड्या आणि पालख्या यांच्यासाठी आखलेल्या अशा वस्त्यांमध्ये आजची मोटार पहिल्या किंवा दुसऱ्या गिअरमध्ये, थांबत थांबत पुढे सरकते. मिसफायरची थरथर सर्वप्रथम जाणवते ती अशाच वेळी, म्हणजे गाडी जागेवर उभी असताना.

दिवा नेमके काय सांगतो?

इंजिनाचा पिवळा दिवा हा एखाद्या विशिष्ट भागाच्या बिघाडाची सूचना नसतो. आधुनिक मोटारीत इंजिनावर देखरेख ठेवणारा एक संगणक असतो. हवा, इंधन, ठिणगी, तापमान आणि धूर यांच्याशी संबंधित सेन्सरांकडून त्याला सतत माहिती मिळत असते. ही माहिती अपेक्षित मर्यादेबाहेर गेली की संगणक त्या दोषाचा सांकेतिक क्रमांक नोंदवतो आणि दिवा लावतो. या व्यवस्थेला ऑन बोर्ड डायग्नॉस्टिक्स, संक्षेपाने ओबीडी, असे म्हटले जाते.

ही व्यवस्था मुळात प्रदूषण नियंत्रणासाठी निर्माण झाली. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने १९८८ च्या सुमारास तिची पहिली आवृत्ती लागू केली. १९९६ पासून अमेरिकेतील सर्व नव्या मोटारींना ओबीडी-२ ही सुधारित व्यवस्था बंधनकारक करण्यात आली. युरोपात पेट्रोल मोटारींसाठी २००१ पासून तिची अंमलबजावणी झाली. गाडी व्यवस्थित धावत असतानाही हा दिवा का लागतो, याचे उत्तर या इतिहासात आहे. चालकाला काहीही जाणवत नसले, तरी धुरातील घातक वायूंचे प्रमाण वाढलेले असू शकते.

पिवळा दिवा आणि लाल दिवा यांत गल्लत करू नये. तेलाच्या दाबाचा किंवा इंजिनाच्या तापमानाचा लाल दिवा लागल्यास गाडी लगेच थांबवून इंजिन बंद करावे लागते. त्या बाबतीत स्थिर आणि लुकलुकणारा असा भेद नसतो.

मिसफायर म्हणजे काय?

पेट्रोल इंजिनाच्या प्रत्येक सिलिंडरमध्ये हवा आणि इंधन यांचे मिश्रण दाबले जाते आणि स्पार्क प्लगच्या ठिणगीने ते पेटते. हे मिश्रण न पेटणे किंवा अर्धवट पेटणे म्हणजे मिसफायर. गॅरेजच्या बोलीत त्यालाच ‘गाडी मिसिंग करते’ असे म्हणतात.

चार सिलिंडरचे फोर-स्ट्रोक इंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल, तर प्रत्येक सिलिंडरमध्ये सेकंदाला २५ वेळा आणि संपूर्ण इंजिनात १०० वेळा प्रज्वलन होते. एका सिलिंडरने काम सोडले की या लयीत खंड पडतो. गाडी उभी असताना स्टिअरिंग थरथरते, चढावर पिकअप मिळत नाही, ॲक्सिलरेटर दाबल्यावर धक्के बसतात, ॲव्हरेज घटते आणि सायलेन्सरमधून कच्च्या पेट्रोलचा वास येतो.

संगणकाला हा दोष समजतो तो क्रँकशाफ्टच्या गतीवरून. क्रँकशाफ्टला जोडलेल्या दातेरी चाकाजवळ एक सेन्सर बसवलेला असतो. प्रत्येक यशस्वी प्रज्वलनानंतर चाकाला किंचित वेग मिळतो. एखाद्या सिलिंडरची पाळी येऊनही तो वेग मिळाला नाही, तर त्या सिलिंडरमध्ये प्रज्वलन झाले नाही, असा निष्कर्ष संगणक काढतो. खडबडीत रस्त्यावरील हादऱ्यांमुळेही गतीत असे चढउतार होतात. म्हणून अनेक गाड्यांमध्ये रस्ता खराब असल्याचे आढळताच ही मोजणी तात्पुरती स्थगित ठेवली जाते.

स्थिर दिवा आणि लुकलुकणारा दिवा

मिसफायरची मोजणी दोन पातळ्यांवर केली जाते. प्रदूषण वाढवणाऱ्या मिसफायरसाठी इंजिनाच्या १,००० फेऱ्यांचा हिशेब ठेवला जातो. असा दोष सलग दोन किंवा तीन प्रवासांत आढळल्यास दिवा लागतो आणि स्थिर राहतो.

दुसरी मोजणी २०० फेऱ्यांची असते. मिनिटाला २,००० फेऱ्यांच्या गतीने हा काळ अवघा सहा सेकंदांचा होतो. इतक्या अल्प काळात मिसफायरचे प्रमाण धोक्याच्या पातळीवर गेल्यास दिवा लुकलुकू लागतो. सायलेन्सरच्या मार्गातील कॅटॅलिटिक कन्व्हर्टर या भागाला त्या क्षणी इजा पोहोचत आहे, असा त्याचा अर्थ आहे.

कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये मधमाश्यांच्या पोळ्यासारखी जाळी असते. तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियम या मौल्यवान धातूंचा पातळ थर असतो. कार्बन मोनॉक्साइड, न जळलेले हायड्रोकार्बन आणि नायट्रोजनची ऑक्साइडे यांचे रूपांतर येथे कमी घातक वायूंमध्ये होते. साधारणतः ४०० ते ८०० अंश सेल्सिअस तापमानात हे काम सुरळीत चालते. मिसफायर झाले की न जळलेले पेट्रोल आणि प्राणवायू थेट येथे पोहोचतात व जाळीतच जळू लागतात. तापमान भराभर वाढते, धातूंचा थर निकामी होतो आणि परिस्थिती टोकाला गेल्यास जाळी वितळून धुराचा मार्गच बंद होतो.

याचे दोन परिणाम अधिक गंभीर आहेत. न जळलेले पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरील तेलाचा थर धुऊन टाकते आणि खाली उतरून इंजिन ऑइल पातळ करते. त्याचप्रमाणे, तापलेला कन्व्हर्टर गाडीच्या तळाशी असल्याने वाळलेल्या गवतावर किंवा पाचोळ्यावर गाडी उभी केल्यास आग लागण्याचा धोका असतो. उन्हाळ्यात महामार्गाच्या कडेला थांबताना ही बाब विशेष लक्षात ठेवावी लागते.

रस्त्यात दिवा लागल्यास

दिवा लुकलुकत असल्यास ॲक्सिलरेटरवरील पाय हळूहळू उचलावा आणि वातानुकूलन बंद करावे. धोक्याचे इंडिकेटर लावून गाडी डाव्या कडेला, मोकळ्या व कोरड्या गवतापासून दूर असलेल्या जागी उभी करावी. पुलावर, वळणावर किंवा चढाच्या माथ्यावर थांबणे टाळावे. सर्व प्रवाशांनी रस्त्याच्या विरुद्ध बाजूने उतरून गाडीपासून अंतर राखावे.

काही मिनिटांनी इंजिन पुन्हा सुरू केल्यावर थरथर थांबली असेल आणि दिवा स्थिर झाला असेल, तर कमी वेगाने जवळच्या गॅरेजपर्यंत जाता येते. दिवा पुन्हा लुकलुकू लागल्यास गाडी क्रेनने किंवा टोचन करून नेणे हाच स्वस्त पर्याय ठरतो. झाशीहून ललितपूर सुमारे ९५ किलोमीटर दूर आहे. ‘पुढच्या शहरात दाखवू’ म्हणून एवढे अंतर लुकलुकत्या दिव्यासह कापल्यास कन्व्हर्टर वाचण्याची शक्यता फारच कमी उरते.

राष्ट्रीय महामार्गावर मदतीसाठी १०३३ हा क्रमांक उपलब्ध आहे. अपघात किंवा आग अशा आणीबाणीच्या प्रसंगी ११२ या क्रमांकावर संपर्क साधता येतो.

दिवा स्थिर असेल आणि गाडी नेहमीप्रमाणे धावत असेल, तर घाबरण्याचे कारण नाही. पेट्रोलच्या टाकीचे झाकण सैल राहिल्यानेही काही गाड्यांमध्ये हा दिवा लागतो. झाकण घट्ट बसवल्यावर काही प्रवासांनंतर तो आपोआप विझतो. तसे न झाल्यास तपासणी लांबणीवर टाकू नये.

प्रमुख कारणे

मिश्रण पेटण्यासाठी ठिणगी, योग्य प्रमाणात हवा व इंधन आणि पुरेसा दाब या तीन गोष्टी लागतात. मिसफायरचे प्रत्येक कारण यांपैकी एखादीच्या अभावाशी जोडलेले असते.

ठिणगी : झिजलेला स्पार्क प्लग हे सर्वाधिक आढळणारे कारण होय. प्लगच्या टोकांमधील फट सुमारे एक मिलिमीटर असते. झिजेमुळे ती वाढली की ठिणगीसाठी अधिक विद्युतदाब लागतो आणि त्याचा ताण इग्निशन कॉइलवर येतो. परिणामी जुन्या प्लगमुळे कॉइलही जळू शकते. तीव्र उष्णतेत कॉइलचे आवरण तडकते आणि पहिल्या पावसात त्या तडेतून वीज बाहेर उडते. पाऊस सुरू होताच गाडी मिसिंग करू लागली, तर संशय प्रथम याच भागावर घ्यावा.

हवा व इंधन : धुळीने भरलेला एअर फिल्टर, तुंबलेला इंजेक्टर, कमजोर झालेला पेट्रोल पंप किंवा हवेच्या नळीला गेलेली भेग यांमुळे मिश्रणाचे प्रमाण बिघडते. टाकीत पाणी शिरल्यास तोच परिणाम होतो. इथेनॉल पाणी शोषून घेते, ही बाब आता अधिक महत्त्वाची ठरली आहे. पेट्रोलमध्ये १० टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट भारताने २०२२ मध्ये गाठले. २० टक्के मिश्रणाच्या पेट्रोलची विक्री फेब्रुवारी २०२३ मध्ये सुरू झाली आणि २०२५ मध्ये देशातील मिश्रणाचे प्रमाण २० टक्क्यांवर पोहोचले. जुनी गाडी दीर्घकाळ उभी ठेवायची असल्यास टाकीत शिळे पेट्रोल राहू देऊ नये आणि आपल्या गाडीस कोणते मिश्रण चालते, हे उत्पादकाच्या पुस्तिकेत पाहावे.

दाब : व्हॉल्व्ह नीट न मिटणे, पिस्टनच्या रिंगा झिजणे किंवा हेड गॅस्केट जळणे यांमुळे सिलिंडरमधील दाब घटतो. ही दुरुस्ती खर्चिक असते. त्यामुळे आधीच्या दोन शक्यता निकाली काढल्याविना तिच्याकडे वळू नये.

सीएनजीवर चालणाऱ्या गाड्यांत हे मिश्रण पेटवण्यासाठी ठिणगीला अधिक विद्युतदाब लागतो. पेट्रोलवर सुरळीत चालणारी आणि सीएनजीवर मिसिंग करणारी गाडी बहुधा प्लग किंवा कॉइल दुबळी झाल्याचेच सुचवते. डिझेल इंजिनात ठिणगीचा प्लग नसतो. तेथे इंजेक्टर, इंधनाचा दाब आणि इंधनवाहिनीत शिरलेली हवा यांकडे लक्ष द्यावे लागते. सर्व प्रकारच्या गाड्यांत उंदरांनी कुरतडलेल्या वायरी हेही नेहमीचे कारण आहे.

सांकेतिक क्रमांक कसा वाचावा?

स्टिअरिंगच्या खाली असलेल्या जोडणीत स्कॅनर लावला की संगणकात नोंदलेला दोषक्रमांक दिसतो. ‘पी ०३००’ या क्रमांकाचा अर्थ एकाहून अधिक सिलिंडरांत अनियमित मिसफायर असा आहे. ‘पी ०३०१’ ते ‘पी ०३०४’ हे क्रमांक अनुक्रमे पहिल्या ते चौथ्या सिलिंडरकडे निर्देश करतात. सिलिंडरची गणना कोणत्या बाजूने करायची, हे गाडीगणिक बदलते.

दोषक्रमांक हा रोगाचे लक्षण सांगतो, कारण सांगत नाही. ‘पी ०३०२’ आढळल्यास दुसऱ्या सिलिंडरमध्ये प्रज्वलन होत नाही, एवढेच सिद्ध होते. प्लग, कॉइल, इंजेक्टर आणि व्हॉल्व्ह यांपैकी दोष कशात आहे, ते शोधावे लागते. त्यासाठी अदलाबदलीची एक सोपी पद्धत वापरली जाते. इंजिन बंद करून ते थंड झाल्यावर दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरच्या कॉइल आपसांत बदलतात. त्यानंतर क्रमांक ‘पी ०३०३’ असा आला, तर दोष कॉइलबरोबर सरकला, म्हणजेच कॉइल खराब आहे. क्रमांक तोच राहिला तर हीच चाचणी प्लगवर आणि नंतर इंजेक्टरवर केली जाते. शेवटी सिलिंडरचा दाब मोजतात. इंजिन चालू असताना कॉइलला हात लावू नये, कारण तेथील विद्युतदाब हजारो व्होल्टचा असतो.

दोष नोंदवला गेला त्या क्षणीचा वेग, तापमान आणि इंजिनावरील भार यांचीही नोंद संगणक जतन करतो. बॅटरीची वायर काढून दिवा घालवल्यास किंवा स्कॅनरने क्रमांक पुसल्यास दिवा काही काळ विझतो, मात्र ही नोंदही नष्ट होते. म्हणून कोणतीही दुरुस्ती करण्यापूर्वी दोषक्रमांक लिहून घ्यावेत किंवा त्यांचे छायाचित्र काढावे. खरी दुरुस्ती झाल्यावर, सलग तीन दोषरहित प्रवासांनंतर दिवा स्वतःहून विझतो. जुनी गाडी विकत घेताना अलीकडेच सर्व नोंदी पुसल्याचे स्कॅनरवर दिसल्यास खरेदीदाराने सावध व्हावे.

एकाच वर्षाच्या गाड्या, दोन व्यवस्था

भारतात १९९५ मध्ये दिल्ली, मुंबई, कोलकाता आणि चेन्नई येथे नव्या पेट्रोल मोटारींना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बंधनकारक झाला आणि त्यासाठी शिसेविरहित पेट्रोल उपलब्ध करण्यात आले. २००० मध्ये असे पेट्रोल देशभर लागू झाले. शास्त्रज्ञ रघुनाथ माशेलकर यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या शिफारशींवर आधारित वाहन इंधन धोरण २००३ मध्ये जाहीर झाले आणि पुढील टप्प्यांचा आराखडा निश्चित झाला.

१ एप्रिल २०१० पासून भारत स्टेज-४ निकष १३ शहरांत लागू झाले. त्यांत महाराष्ट्रातील मुंबई, पुणे आणि सोलापूर, तर उत्तर प्रदेशातील कानपूर, लखनौ आणि आग्रा यांचा समावेश होता. झाशीचा त्यात समावेश नव्हता. भारत स्टेज-४ गाड्यांत २०१० पासून ओबीडी-१ आणि २०१३ पासून ओबीडी-२ व्यवस्था आली. हे निकष संपूर्ण देशात लागू होण्यास १ एप्रिल २०१७ हा दिवस उजाडावा लागला. त्यामुळे पुण्यात आणि झाशीत एकाच वर्षी नोंदवलेल्या एकाच नावाच्या दोन गाड्यांमध्ये दोषनोंदणीची क्षमता वेगळी असू शकते. त्या काळातील जुन्या गाडीचा दिवा लागत नाही, म्हणून तिच्यात दोष नाही, असे मानता येत नाही.

१ एप्रिल २०२० पासून देशभर भारत स्टेज-६ निकष लागू झाले आणि पेट्रोलमधील गंधकाची मर्यादा दशलक्ष भागांत ५० वरून १० भागांवर आली. २०२३ मध्ये या निकषांचा दुसरा टप्पा सुरू झाला. त्यात प्रत्यक्ष रस्त्यावरील उत्सर्जनाची मर्यादा पाळणे बंधनकारक करण्यात आले.

कायदा आणि आरोग्य

भारत स्टेज-४ आणि त्यानंतरच्या पेट्रोल गाड्यांसाठी पीयूसी तपासणीत कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ०.३ टक्के, तर हायड्रोकार्बनची मर्यादा दशलक्ष भागांत २०० भाग अशी आहे. मिसफायरमध्ये न जळलेले पेट्रोलच बाहेर पडत असल्याने हायड्रोकार्बनचे प्रमाण ही मर्यादा सहज ओलांडते. २०१९ च्या सुधारणेनंतर मोटार वाहन कायद्यात प्रदूषणविषयक नियमभंगासाठी दहा हजार रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. निकामी झालेला कन्व्हर्टर काढून त्या जागी साधी नळी बसवण्याचा सल्ला काही ठिकाणी दिला जातो. तसे करणे म्हणजे गाडीच्या मूळ तपशिलात बदल करणे असून कायद्याच्या कलम ५२ नुसार त्यास मनाई आहे.

खंडेराव गेटसारख्या दाट वस्तीत या नियमांचा अर्थ अधिक स्पष्ट होतो. अरुंद रस्त्यावर, दुकानांच्या आणि घरांच्या दारांसमोर थांबलेल्या गाडीचा धूर लगेच विरून जात नाही. तो पादचाऱ्यांच्या, दुकानदारांच्या आणि शाळेतून परतणाऱ्या मुलांच्या श्वासात जातो. पिवळा दिवा वेळीच तपासून घेतल्यास मालकाचा खर्च वाचतो आणि या रस्त्यांवर राहणाऱ्यांचाही त्रास कमी होतो.

उन्हाळ्यापूर्वी प्लग, कॉइल आणि एअर फिल्टर यांची तपासणी करावी, तसेच पावसाळ्यापूर्वी वायरींचे आवरण पाहून घ्यावे. प्लग बदलण्याचे अंतर उत्पादकाच्या पुस्तिकेत दिलेले असते आणि सीएनजी गाड्यांसाठी ते सहसा कमी असते. लांबच्या प्रवासाला निघण्यापूर्वी किल्ली फिरवल्यावर इंजिनाचा दिवा क्षणभर लागतो आणि इंजिन सुरू होताच विझतो, याची खात्री करावी. किल्ली फिरवूनही तो लागतच नसेल, तर तो बंद पडलेला किंवा जाणूनबुजून काढून टाकलेला असू शकतो आणि अशा गाडीत पुढील इशारा मिळणारच नाही.